संबळवाल्याची खुर्ची

गेल्या रविवारी संध्याकाळी पिंपळे सौदागरला, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, आमच्या ग्रुपचा निकाल लागणार होता...

आमचा तिघांचा छोटा ग्रुप आहे. मी व्हायोलिन वाजवते. सलीमभाईंचं पिंपरीत गॅरेज आहे, पण सॅक्सोफोन हातात आला की ते जॅझमध्येच राहायला जातात. आणि दत्ता, चाकणला माझ्याच कंपनीत लाइनवर असतो, महाळुंग्याच्या गोंधळी घरातला, तो संबळ वाजवतो.

चेंबर म्युझिक म्हणतात याला. माईक नाही, स्टेज नाही, लोकांसमोर अगदी जवळ बसून वाजवायचं. माझे राग, सलीमभाईंचं जॅझ, दत्ताचा गोंधळ, सगळं एकत्र.

त्या दिवशी दत्ताचे वडील, बापू, ऐकायला येणार होते. देवीचा संबळ पोरगा कुठं नेतो, कशासोबत वाजवतो, हे त्यांना पटत नव्हतं. एकदा ऐकतो, नाही पटलं तर संबळ घरी, असं त्यांनी दत्ताला सांगून टाकलं होतं.

म्हणजे ग्रुप राहणार की मोडणार, हे त्या एका तासावर! आणि नेमका दत्ता तालमीत खुलतच नव्हता. घरच्या गोंधळात त्याला ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्यात मात्र डब्यावर टिचक्या माराव्यात तसा वाजवायचा... मी लय बदलून पाहिली, सलीमभाईंना हळू वाजवा म्हणून छळलं, पण काही उपयोग नाही.

बापू आले. फेटा, खांद्यावर उपरणं. बसले पहिल्या रांगेत, पण अगदी दाराजवळच्या खुर्चीवर. झालं, म्हटलं, हे उठून जायच्या तयारीनेच आलेत.

आम्ही तिघं खुर्च्यांवर, दत्तापुढे स्टँडवर संबळ. सलीमभाईंनी धून धरली, मागोमाग मी, मग दत्ता... आणि पुन्हा त्याच टिचक्या.

तेवढ्यात बापू उठले. संपलं सगळं... त्यांना जाताना बघवणार नाही म्हणून मी मान खाली घातली. पण पावलं आमच्याकडेच आली.

त्यांनी स्टँडवरचा संबळ उचलला, उपरण्याची घडी मोडली आणि त्यानेच तो दत्ताच्या कमरेला घट्ट बांधला. सलीमभाई शहाणे, धून तशीच फिरवत राहिले.

"उभा ऱ्हा," बापू म्हणाले. "आपल्यात बसून कोन वाजवतं?"

दत्ता उभा राहिला. पुढचं काय सांगू! पाय ठेका धरायला लागले, खांदे हलायला लागले, आणि महाळुंग्याच्या अंगणातला तोच संबळ क्लबहाउसमध्ये घुमला. मी माझी जागाच विसरले, दोन आवर्तनं नुसती ऐकत बसले.

खुर्चीची अक्कल माझी, बरं का. व्हिडिओत असे ग्रुप बसून वाजवतात, म्हणून आपणही बसायचं. स्टँड तर बिचाऱ्याने मी सांगितलं म्हणून स्वतः वेल्डिंग करून आणला होता. आधी का नाही बोललास, असं नंतर विचारलं, तर म्हणतो, मॅडम, तुम्ही कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहात, तुम्ही पास केलंय म्हणजे बरोबरच असणार... माझा चेहरा बघण्यासारखा झाला असेल.

कार्यक्रम संपल्यावर बापूंच्या पाया पडले. दत्ताला पाठवाल ना, एवढंच कसंबसं विचारलं.

त्यांनी दत्ताच्या कमरेची गाठ सोडली. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "त्या भोंगावाल्या भाऊला सांगा, दम घेतो तिथं संबळाला जागा सोड म्हनावं. फुडच्या टायमाला बगतो."

फुडच्या टायमाला... हे दोन शब्द ऐकले आणि मी तिथंच रडले, लोकांसमोर.

दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणारी मी, माझी चूक काढायला बापूंना यावं लागलं. बापू, तुमचे उपकार विसरणार नाही. आता तालमीला मी दोनच खुर्च्या मांडते.