चौकट दहाची की विसाची?

“शेअर एकच, तारीख एकच. मग चित्रं दोन कशी गं, वैशाली?”

सॅम्युएलकाकांनी आपला ग्राफपेपर माझ्या प्रिंटआउटशेजारी ठेवला. त्यांचा चार्ट सांगत होता विका, माझा सांगत होता ठेवा. मी उगाच ड्रॉवरमध्ये स्टेपलर शोधायला लागले. चोराच्या मनात चांदणं.

मी पनवेलला एका ब्रोकरच्या शाखेत क्लायंटचे पोर्टफोलिओ बघते. काका रिटायर्ड ड्राफ्ट्समन, आयुष्यभर पुलांचे नकाशे काढलेले. पुढच्या गुरुवारी काका-काकू मुलीकडे इस्राएलला कायमचे निघाले होते. म्हातारपणाची बहुतेक पुंजी या एका कंपनीच्या शेअर्समध्ये. “तिथे जाऊन मी भाव बघत बसणार नाही. ठेवायचे की विकायचे, ते आज सांग,” असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

आमच्या या चार्टचं नाव पॉइंट अँड फिगर. दिसायला अगदी शाळेतला फुली-गोळा. भाव चढला की फुल्यांचा रकाना, उतरला की शेजारी गोळ्यांचा. एक चौकट म्हणजे, समजा, दहा रुपये. भाव त्याहून कमी हलला तर काहीच काढायचं नाही. दिशा बदलली म्हणायला तीन चौकटी तरी उलट जावं लागतं. तारखेला इथे कोणी विचारत नाही. नवे गोळे मागच्या गोळ्यांच्या खाली उतरले की विकायचा इशारा.

काकांना हे मीच शिकवलेलं. बाजार बंद झाला की ते रोज हाताने चार्ट भरायचे. त्यांच्या कागदावर मागचे गोळे सहाशेला थांबले होते आणि आजचा गोळा पाचशे नव्वदला होता.

मी मात्र तासाभरापूर्वी सॉफ्टवेअरमध्ये चौकट विसाची केली होती. एवढ्या मोठ्या चौकटीत ही घसरण दिसतच नाही, फुल्या ऐटीत उभ्या राहतात. विसाची चौकट काही चुकीची नसते. पण ती आधी ठरवायची असते, निकाल बघून नाही.

मॅनेजर दुपारी म्हणाले होते, “काका अकाउंट बंद करतील. होल्ड सांग ना.” पण त्यांच्यावर ढकलणार नाही. हा शेअर मीच काकांना सुचवला होता, माझ्याकडेही होता. तो पडतोय हे मला बघवत नव्हतं.

“काका, मी चौकट बदलली. दहाची वीस केली.”

“कधी?”

“आज.”

मला मान वर करवेना. काकांनी चष्मा काढून पुसला.

“पळस्प्याकडचा एक पूल कागदावर मावेना, तेव्हा आम्हीही स्केल बदलली होती. पूल काही आखूड झाला नाही.”

मग त्यांनी घड्याळ बघितलं. शुक्रवार होता. दिवे लावायच्या आत त्यांना घरी पोचायचं असतं, शब्बाथ सुरू होतो. शनिवार मावळेपर्यंत ज्यूंच्या घरी कामधंदा, व्यवहार सगळं बंद.

“सोमवारी सगळे विकून टाक,” ते उठत म्हणाले. “उद्या मी याचा विचारसुद्धा करणार नाही.”

सोमवारी बाजार उघडल्या उघडल्या मी त्यांचे विकले. महिनाभरात शेअर पाचशेच्या आसपास आला. काका तिकडे नातवंडांत मजेत आहेत, हे आठवलं की मलाच बरं वाटतं. माझे शेअर मी दोन आठवडे उशिरा विकले. का, ते विचारू नका.

निघायच्या आदल्या दिवशी काका शाखेत आले होते. उरलेले ग्राफपेपर, स्टीलची पट्टी आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

“आता हाताने काढायचं,” म्हणाले. “स्क्रीनवर एका क्लिकमध्ये स्केल बदलते. कागदावर सगळं खोडावं लागतं.”

“आणि खोडरबर, काका?”

“तो मी घेऊन चाललोय.”

माझे चार्ट मी आता हातानेच काढते. चौकट दहाची. खोडरबर अजून विकत घेतलेला नाही.