लाडवातली गोळी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

वडील चुडाव्याला रेल्वेत गँगमन होते. त्यांना दमा होता. रेल्वेच्या दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या मिळत. दादा, माझा थोरला भाऊ, रोज रुळाच्या कडेनं पूर्णा स्टेशनापर्यंत पळत जाई आणि पळतच परत येई. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांनी परदेशातल्या शर्यतीसाठी त्याची निवड झाली. बूट, कपडे आणि खर्चासाठी गावानं तीनशे दहा रुपये वर्गणी केली. शाळेच्या गुरुजींनी वहीत नावं लिहिली.

जायच्या आठवड्यात त्याची छाती घरघरायला लागली. मी वडिलांची गोळी पुढं केली. तो म्हणाला, "नको. तिकडं जिंकणाऱ्याची लघवी तपासत्यात."

आई म्हणाली, "मंग हरणाऱ्याची कामून न्हाई? त्याला बी लागती की."

आम्ही लय हसलो. मला वाटलं, ताकदीचं औषध खाऊन पळणाऱ्यांसाठी ती तपासणी असेल. ही तर म्हाताऱ्या माणसाची गोळी. मी चार गोळ्या कुटून सुंठीच्या लाडवांत मिसळल्या. पळायच्या दिवशी सकाळी एक खा, एवढंच त्याला सांगितलं.

तो तिसरा आला. रेडिओवर ऐकून गुरुजी धावत घरी आले. आठ दिवसांनी तेच पुन्हा आले, पण सावकाश. लघवीत औषध सापडलं होतं. पदक काढून घेतलं, दोन वर्षं पळायची बंदी घातली. गुरुजी वडिलांना म्हणाले, "दम्याच्या गोळ्यांत असतंय ते."

मी चुलीपुढं होते. मान वर केली नाही.

दादा पॅसेंजरमधून उतरला, तेव्हा स्टेशनावरचा चहावाला म्हणाला, "काय पैलवान, पळायला गेलता का पळून आलास?" दादा ज्याला त्याला सांगत राहिला, मी काहीच घेतलं नाही. त्याला ते खरंच वाटत होतं. महिनाभर मी हे ऐकलं.

मग एकदा विहिरीवर त्याला सगळं सांगितलं. त्यानं कळशीला दोर बांधला. म्हणाला, "कुणाला सांगू नको. बाबाच्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या म्हणून दवाखाना त्या द्यायचं बंद करील. त्यांचा श्वास त्या गोळ्यांवर हाय."

"अन् तुझं नाव?"

"गेलं ते. धर दोर."

त्या दिवसापासून 'मी घेतलं नाही' हे त्यानं कुणाला म्हटलं नाही. लोकांना वाटलं, शेवटी कबूल झाला.

वर्गणी कुणी परत मागितली नव्हती. तरी तो रुळावर रोजंदारीनं खडी टाकायला जाऊ लागला आणि वहीतल्या नावांप्रमाणे घरोघर पैसे देऊ लागला. मी निंदणीची मजुरी त्याच्या हातात ठेवायची. तो मोजायचा नाही, खिशात टाकायचा. बंदीची दोन वर्षं सरली, पण तो पुन्हा पळाला नाही.

शेवटचं नाव चहावाल्याचं होतं. दहा रुपये. तो म्हणाला, "राहू दे रे, कोण मागायलंय?"

"घ्या काका," दादा म्हणाला.

चहावाल्यानं नोट गल्ल्यात टाकली आणि आम्हाला चहा दिला. मी लाजून अर्धाच प्याले. परत येताना गुरुजींच्या घरी थांबलो. त्यांनी वही काढून त्या नावावर रेघ मारली. तीनशे दहा रुपये पुरते फिटले.