आसरांच्या विहिरीवरचा चर

आमच्या वाडीत नव्या सुनेला पहिल्यांदा विहिरीवर नेतात तेव्हा एक गोष्ट सांगतात. एक विधवा बाई या विहिरीत उतरली, पाण्यातल्या सात देवी, आसरा, कोपल्या, पाणी नासलं, पोरं गेली. बाई वाडीतून गेली आणि पाणी निवळलं. म्हणून काठावरच्या सात शेंदरी दगडांना आधी हात जोडायचे आणि मग घागर सोडायची. परवा माझ्या नातसुनेला माझ्याच सुनेनं हे सांगितलं. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. त्या बाईचा चेहरा आठवणारा आता वाडीत मी एकटा उरलो आहे. पाणी कशानं नासलं हे तर पहिल्यापासून मला एकट्यालाच ठाऊक आहे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. खंडाळ्याच्या बाजूला, वाडीच्या डोक्यावर, मुंबईच्या एका शेटजींचा बंगला बांधला जात होता. मी तिथे मुकादम होतो आणि वाडीतले सगळे धडधाकट गडी माझ्या हाताखाली पलीकडच्या खाणीतून दगड वाहत होते. त्या उतारावर पूर्वी कारवीची झुडपं आणि गवत होतं. कितीही पाऊस कोसळला तरी पाणी मुरत मुरत खाली यायचं. आम्ही कारवी उपटली, जमीन सपाट केली, अंगणाला फरशी घातली, मागे तबेला बांधला आणि त्यात शेटजींचे घोडे आलेही. आता मुरायला जागाच राहिली नाही. कौलांवरचं, फरशीवरचं, तबेल्यातलं सगळं पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी चर काढायचा ठरला. परगावची एक टोळी तो खणत होती. चर बरोबर विहिरीच्या वर आला आणि काळा कातळ लागला. सुरुंग लावल्याशिवाय पुढे जाणं नव्हतं, आणि आभाळ भरून आलं होतं.

"राहू द्या, दिवाळीनंतर बघू," मी म्हणालो. टोळी निघून गेली. चराचं तोंड तिथंच उघडं राहिलं. खाली विहीर आहे हे मला दिसत होतं.

विहिरीचा गाळ दरवर्षी वैशाखात गडी काढायचे. त्या वर्षी मी कुणालाच सुट्टी दिली नाही. तेव्हा शेजारची मावशी पदर खोचून विहिरीत उतरली. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहायची. नात्यानं ती माझी कुणी नव्हती, पण माझी आई सदा आजारी, म्हणून लहानपणी मी तिच्याच चुलीपुढे जेवलो होतो.

पाऊस लागला. बंगल्याचं काम थांबलं, देखरेखीला वर मी एकटाच जात होतो. पाणी तांबूस झालं, मग त्याला वास येऊ लागला. घरोघरी हगवण लागली. मावशीच्या दिराचं धाकटं पोर गेलं, मागोमाग आणखी एक गेलं. मारुतीच्या देवळात माणसं जमली.

"बिननवऱ्याची बाई आसरांच्या घरात उतरली. आनि काय व्हनार?" एक म्हातारा म्हणाला.

"त्यांनी हळदीकुंकवाला बोलावली आसंल," मागून कुणीतरी म्हणालं. पोरं दगावलेली असताना दोघंतिघं हसले.

मावशी पायरीखाली धुक्यात उभी होती. "तवा कुटं व्हता रं तुमी? शेटजीचं धोंडं वाहत व्हता न्हवं? गाळ काढला तवा कुनाला आसरा आठवल्या न्हाईत." मग ती माझ्याकडे वळली. "ह्यो रोज वर आसतोय. सांग बाबा, वरनं कायी येतंय का?"

तिचा दीर माझ्या शेजारीच गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई मावशी. वरलं पानी ओढ्याला जातंय."

ती मला खोटारडा म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ह्यो म्हनतोय तर न्हाई येत. माज्या हातचं जेवलाय ह्यो."

दुसऱ्या दिवशी दिरानं तिचं गाठोडं बाहेर ठेवलं. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन ती आंदर मावळात भावाकडे चालत गेली.

पाऊस ओसरताच मी कंत्राटदाराच्या मागे लागलो, कातळ फोडून घेतला आणि चर ओढ्याला नेऊन सोडला. वाटलं, निदान एवढं तरी करावं. पुढच्या पावसाळ्यात विहिरीचं पाणी स्वच्छ राहिलं. वाडीनं आसरांपुढे नारळ फोडला. बाई गेली आणि पाणी निवळलं, असं जो तो म्हणू लागला. मी चर दुरुस्त केला आणि तिच्यावरचा आळ कायमचा पक्का झाला.

पुढे बैल बघायला आंदर मावळात गेलो तेव्हा तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती वाकली होती. तिनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला.

"हिरीचं पानी बरं हाय का रं आता?"

"व्हय मावशी. लय चांगलं हाय."

ती उंबऱ्यावर टेकली. "मंजी माजंच पाऊल वाईट व्हतं. म्या उगाच समद्यांस्नी बोलले. दिराला सांग, माज्या मनात राग न्हाई."

शब्द तोंडाशी आले होते. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "सांगतो." तिचा निरोप मी दिराला पोचवलाही. तो रडला. ती त्याच वर्षी गेली.

पाऊस वाढला की त्या चराचं पाणी मला अजून ऐकू येतं. ते ओढ्याकडे जातं हे मला ठाऊक आहे. तरी मी उठतो, घागरीत हात घालतो आणि हाताचा वास घेतो.

काल मी नातसुनेला विहिरीच्या वर नेलं. फोडलेल्या कातळावर सुरुंगाची भोकं अजून आहेत, ती दाखवली आणि सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "आजोबा, हे आता कुणाला सांगू नका. आपल्या घराला नावं ठेवतील."

म्हणून लिहून ठेवतो आहे. मावशीनं विहीर साफ केली होती. घाण माझ्या चरातून आली.