ठोक्याआधीच लावलेली मोटर

एप्रिलचा दुसरा रविवार. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि खालच्या मजल्यावरच्या चाची. घरमालक किल्ली देऊन, मीटरचं रीडिंग माझ्यासमोर लिहून सकाळीच गेले होते.

पतसंस्थेत माझी बदली झाली म्हणून आम्ही तेलगावहून अंबाजोगाईला आलो, भाड्यानं, वरच्या मजल्यावर. दुष्काळाचं साल. नळ दहा दिवसांनी, तोही जेमतेम तासभर. यादी केल्याशिवाय मी घर लावत नाही. शेगडी जोडून साबणाच्या पाण्यानं गळती तपासली, टाकी घासली, नळाच्या लायनीवर मोटर बसवून घेतली. दुपारी दोनपर्यंत सगळ्यावर खुणा झाल्या.

तेवढ्यात चाची प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन वर आल्या.

"वैनी, नळ आला की पैले आमचं भरू द्या. आमच्याकडं मोटर न्हाई. भरलं की मी पाइपावर चमच्यानं तीनदा ठोकते, मग तुमी लावा."

"आन् ठोकायचं विसरलात तर?" नवऱ्यानं विचारलं.

"मग वर येऊन तुमच्या टाळक्यावर ठोकीन!"

सासूबाई किती तरी वेळ हसत होत्या. जाता जाता चाचींनी सांगितलं, लेक बाळंतपणाला आलीय, बाळ नऊ दिवसांचं आहे, घरात अर्धंच पिंप उरलंय.

चारला नळ आला. मी घड्याळाकडं बघत बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. खाली धार बारीक असणार, त्यांचं भरेपर्यंत नळ जाईल आणि आमची नुकतीच घासलेली टाकी कोरडी राहील, असा मी हिशोब केला. बटण दाबलं.

खालून बादली आपटल्याचा आवाज आला. मग चाचींची लेक ओरडली, "अम्मी, नळ को क्या हुआ? हवाच आ रही!"

मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"बंद कर गं," नवरा म्हणाला. "ठोका कुठं झालाय?"

"झाला. तुमचं लक्ष नव्हतं."

पतसंस्थेच्या खिडकीवर रांग मोडणाऱ्याला मी आत्तापर्यंत कधी सोडलेलं नाही. त्या दिवशी टाकी काठोकाठ भरल्यावरच मोटर बंद केली. तोवर नळही गेला होता.

थोड्या वेळानं चाची दारात आल्या. पदराचा काठ सोडला तर लुगडं कोरडंच. "आज नळानं लई लवकर दम सोडला बगा. तुमाला तरी मिळालं का?"

"थोडंसं," मी म्हणाले.

"चला, बरं झालं. घरात म्हातारं माणूस हाय तुमच्या."

मी दोन बादल्या भरून दिल्या. नवरा खाली पोचवून आला. जिन्यातून चाची मला दुवा देत होत्या, आणि मी दाराआड उभी राहून "असू द्या, असू द्या" म्हणत होते.

पुढं दोन वर्षं आम्ही तिथं राहिलो. एकदाही ठोक्याआधी मोटर लावली नाही. त्यानं काही भागलं नाही. नवऱ्यानं तो विषय परत काढला नाही, मीही नाही. आता आम्ही त्याच गावात, तीन गल्ल्या पलीकडे राहतो. चाची बाजारात भेटतात, नातवाचं कौतुक सांगतात, घरी बोलावतात. त्यांना त्या दिवशीचं खरं सांगायचं अजून राहिलं आहे.