अंगठा बाजूला

स्तनांची तपासणी कशी करायची ते आम्हा नर्सना शिकवायला रत्नागिरीत एक मॅडम येतात. सरावाचा सिलिकॉनचा स्तन त्या पोळ्यांच्या डब्यातून आणतात. आमचे हात आंबा चाचपायला सोकावलेले, त्यामुळे अंगठा आपसूक आत रुततो. की मॅडम ओरडल्याच, “गो बाय, हापूस नाय तो! बोटं सपाट ठेव, अंगठा बाजूला!”

परवा मिरकरवाड्याच्या नर्सने सहज विचारलं, “मॅडम, तुमची तपासणी कोणी केली?”

“मला कुठे वेळ मिळतो गो,” असं काहीतरी मॅडम पुटपुटल्या. मग एकदम उठून पडद्याआड गेल्या आणि तिथून मलाच हाक मारली.

आत त्या टेबलावर डोळे घट्ट मिटून निजल्या होत्या. टेबलाची कड मुठीत धरलेली. माझं तपासून झालं तरी डोळे उघडेनात.

“लागलं काय हाताला?” आवाज इतका बारीक, की मी वाकून ऐकला.

“नाय मॅडम. कायच नाय.”

त्यांनी मोठा श्वास सोडला, उठून बसल्या, पदर सारखा केला.

“मग मेले, अंगठा कशाला लावत होतीस?”