शेजारच्या पेशी आणि मांडणीवरची वाटी

मंडळींनो, आजचं आजच आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर लिहितेय.

सकाळी मी प्रयोगशाळेत निघताना सासूबाईंनी विचारलं, "गाईच्या मूत्राशयात रोज काय बघतेस गं?"

"शेजारच्या पेशी प्रथिनांच्या बारीक नळ्यांमधून एकमेकींना काहीबाही देत असतात, आई. कॅन्सर झाला की ते थांबतं का, ते बघतेय."

"म्हणजे शेजार तुटतो का, ते," त्या म्हणाल्या.

बांगला येत नाही म्हणून, पुण्याहून आल्यापासून त्या बालीगंजच्या या बंगाली वस्तीत कोणाशी बोलल्याच नव्हत्या. शेजारच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, ज्या वाटीतून खीर दिली होती, ती वाटीही आमच्या मांडणीवरच राहिली होती.

संध्याकाळी वीज गेली म्हणून प्रयोगशाळेतून लवकर आले. बौदी आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि सासूबाई त्याच वाटीत बेसनाचे लाडू भरत होत्या. एकीचं मराठी, दुसरीचं बांगला, पण गप्पा रंगल्या होत्या.

तुमच्या मांडणीवर कोणाची वाटी आहे?