पायाळूचा पाय

“हात ढिला सोड, बाई. हात तुहा नाही, माहा हाये असं समज.”

आमच्या वाशीमकडच्या मालेगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत ज्या बायांनी भाभीच्या हातून बांगड्या भरल्या, त्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. बोलता बोलता ती तुमच्या अंगठ्याचं मूळ आत दाबायची, आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असायची.

घर तिचं आमच्या समोरच. पण दारातून नाली वाहते, म्हणून दुकान आमच्या ओट्यावर. भाडं म्हणून मला जन्मभर फुकट बांगड्या. मी नवी सून होऊन आले तेव्हा तीही नवीच होती, सासूच्या शेजारी बसून धंदा शिकत होती. मला तेव्हा आपले हात फार नाजूक आहेत असा भ्रम होता. “मले सव्वादोनच्या मापाचीच पाह्यजे,” मी म्हटलं. तिनं माझ्या पंजाकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. अर्धा डझन बांगड्या फोडून सातवी चढवली आणि वर म्हणाली, “आता मरेपर्यंत काढू नको, नाहीतर हात कापा लागन.” नटवी होते मी. आठ दिवस सुजलेला हात पदराखाली घेऊन मिरवले.

काही वर्षांपूर्वी तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, अख्खी बाजूच काढली. मी सोबत होते. परत आली ती हसतच. “सरकारनं बायांले एस्टीत अर्धं तिकीट केलं ना? मले पाव पाह्यजे आता.” कंडक्टरला सांगते म्हणाली. हो, सांगितलंही तिनं, आणि तो बिचारा मालेगाव येईपर्यंत खाली मान घालून उभा होता.

पण डावा हात सुजला तो उतरलाच नाही. त्या हातात बांगडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आता बांगडीवालीचाच एक हात उघडा. तुम्हाला माहीतच आहे आपल्या बाया कशा असतात. नवरीला चुडा भरायचा तर भरणारीचे हात भरलेले हवेत. रिठदची एक वरमाय उघड्या मनगटाकडे पाहत पाहत आली तशी उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून भाभी लांब बाहीचा झंपर घालू लागली, बाही पार बोटांपर्यंत. “थंडी वाजते,” असं भर मे महिन्यात सांगायची. कोणी हसलं नाही.

यंदाच्या लग्नसराईत तिची कंबर धरली.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पायाळू. म्हणजे जन्माला आले ती पाय पुढे करून. आमच्याकडे कोणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावतात. लहानपणी मला त्याचा इतका माज होता की काय सांगू! गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पालथं पाडून मी पाठीवर पाय द्यायची, गुळाचा खडा घ्यायची आणि आपण वाशीमच्या मोठ्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर आहोत अशा थाटात घरी यायची. एकदा तर उसण नसलेल्या मामालाही लाथ मारून गूळ मागितला होता.

तर भाभी आली. “बुढे, उसण भरली. पाय लाव.”

ती ओट्यावर सतरंजीवर पालथी झाली. मी भिंत धरून तीनदा हलकाच पाय टेकवला. तिच्या कमरेपेक्षा माझाच गुडघा जास्त वाजला. दोघी हसलो. “आराम पडला,” म्हणाली. चार दिवसांनी परत आली. मग परत. दर वेळी आराम पडायचा, आणि दर वेळी ती परत यायची.

एक दिवस सतरंजीवर आडवी होतानाच तिनं ओठ दाबला. मी विचारलं, “बसून बसून दुखते का?”

“बसल्यावर नाही दुखत. आडवं झालं का दुखते. रातभर.”

उसण आडवं झाल्यावर सुटते, हे मला गुळाच्या खड्यांपासून माहीत. आणि ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर माझ्यासमोर जे म्हणाले होते, तेही आठवलं. हाड दुखायला लागलं आणि दुखणं थांबलं नाही, तर घरी थांबायचं नाही, सरळ इथे यायचं. मी उचललेला पाय खाली ठेवला.

“लाव ना.”

“आज नाही.”

“काहून?”

“गुडघा दुखून राह्यला.”

“मंग दुसरा लाव.”

“तोही दुखते.”

ती हळूहळू कुशीवर वळली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

“तुले आठवलं,” ती म्हणाली.

“काय?”

“तेच. मले रोज आठवते.” उठून बसली, बाही सारखी केली. “तू पाय लावे तवर ती उसण होती, बुढे. आता काय हाये, ते जाऊन पाहा लागते.”

पुढचे काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ओट्यावर यायची, भिंतीला पाठ टेकून बसायची, गिऱ्हाईक करायची. “हात ढिला सोड,” एवढं फक्त ऐकू यायचं, तेही आवाज न चढवता. मग एका सकाळी मुलाला घेऊन अकोल्याला गेली.

हाडांचा स्कॅन करायला आधी सुईतून औषध देतात. त्याचे किरण अंगातून निघतात म्हणे. तिला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत लहान लेकराजवळ जायचं नाही, पोटुशीजवळ जायचं नाही. घरी तर रांगता नातू. त्यामुळे संध्याकाळी ती रिक्षातून उतरली ती समोरच्या घरात न जाता माझ्याकडे.

“तुह्यापाशी ना लेकरू, ना पोट. तूच बरी.”

“म्हणजे मी मेली तरी चालन?”

“तू पायाळू. तुले काय होते!”

मी चहा टाकला. तेवढ्यात समोरच्या दारात तिची सून आली, कडेवर पोरगा. पोरानं आजीला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे टाकून हंबरडाच फोडला. सून बिचारी त्याला आत न्यावं की बाहेर ठेवावं या घोरात तशीच उभी.

“दार लाव,” भाभी म्हणाली.

मी दार लावलं. ती दाराकडे पाठ करून बसली. रडणं फळीतून आत येतच होतं. चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही.

“हाडात असन तर काय करतात?”

“गोळ्या-सुया असतात म्हणे. लोक लय वर्षं काढतात म्हणे.”

“म्हणे म्हणे नको करू.” तिनं कप बाजूला सारला. “वजन उचलू नको म्हणतात. हाड मोडते. मले इतकंच सांगा म्हटलं डॉक्टरले, त्या पोराले कडेवर घेता येईन का नाही. तर म्हणते, आधी कागद येऊ द्या.”

मी तिचा गार झालेला चहा परत गरम करायला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलगा मोटारसायकलवर रिपोर्ट आणायला गेला. दुपारचं जेवण झालं तशी भाभी उठली. मी म्हटलं, थांब, तो येऊ दे. थांबली नाही. एक हात कमरेवर ठेवून रस्ता ओलांडला, स्वतःच्या दारात नालीच्या फरशीपलीकडे उंबऱ्याला टेकून खाली बसली, पाय लांब केले आणि सुनेला म्हणाली, “दे इकडे. उचलत नाही मी. तू मांडीवर ठेव.”

त्या पाकिटात काय होतं, ते आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मणक्यात दोन जागी होतं. नागपूर झालं, किरणं झाली, पावसाळ्यात भाभी गेली. माझा ओटा रिकामा आहे. बाया अजूनही पिशवी घेऊन येतात, विचारतात, आणि मी पुढच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता सांगते.

पण त्या दुपारचं सांगते. पोरगा मांडीवर बसून तिच्या बाही वर सारलेल्या उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करून कोपरापर्यंत सरकवत होता, आणि त्या परत खाली आल्या की खिदळत होता. तेवढ्यात मोटारसायकल आली. मुलाच्या हातात मोठं पाकीट. तो गाडीवरून उतरणार, तर भाभीनं वर न पाहता डावा, सुजलेला हात उचलून पंजा दाखवला. थांब.

तो थांबला. डोक्यावर हेल्मेट तसंच, गाडी चालूच. नालीच्या अलीकडे तो, पलीकडे ती. पोरानं बांगड्या पुन्हा वर सरकवल्या.